वार्षिक खर्चाच्या सव्वीस पट पुंजी जमली आहे. आता नोकरी सोडणे परवडेल का?

काठावरचा

नमस्कार. माझे वय ५७ असून पत्नी माझ्याहून तीन वर्षांनी लहान आहे. नोकरी सोडावी असे गेली तीन वर्षे मनात आहे. कामाचा तिटकारा आलेला नाही, परंतु सकाळी उठल्यावर समोरचा दिवस आपल्या मालकीचा असावा ही इच्छा बळावत चालली आहे. प्रश्न केवळ परवडण्याचा आहे.

प्रत्यक्ष रकमा सांगितल्या की चर्चा भलतीकडे जाते, म्हणून सर्व आकडे प्रमाणात देतो. आमचा सध्याचा वार्षिक घरखर्च १०० धरावा. त्या मापाने गाठीशी असलेली पुंजी २६०० आहे. तिचा सुमारे साठ टक्के भाग शेअर फंडांत आणि उरलेला मुदत ठेवी व रोख्यांत आहे. राहते घर स्वतःचे आहे, त्यावर कर्ज नाही आणि त्याची किंमत मी या पुंजीत मोजलेली नाही. मुले कमावती आहेत. वयाच्या ६५व्या वर्षापासून मला निवृत्तिवेतन मिळू लागेल. ते आजच्या मापाने ३० असेल आणि महागाईबरोबर वाढत राहील.

मी एक तक्ता तयार केला आहे. त्यात परतावा ७ टक्के, महागाई ५ टक्के आणि खर्च १०० धरला आहे. निवृत्तिवेतन अजून धरलेले नाही. तरीही माझ्या वयाच्या १००व्या वर्षी पुंजी आजच्या तिपटीहून अधिक दिसते. खर्चाचा आकडा मी घरखात्यात दरमहा वळवत असलेल्या रकमेला बाराने गुणून काढला आहे. पंचवीस पट पुंजी जमली की पुरे, असे सर्वत्र वाचायला मिळते आणि माझ्याकडे सव्वीस पट आहे. असे असूनही राजीनाम्याचा मसुदा मी दोनदा लिहिला आणि दोन्ही वेळा पुसून टाकला. 'आणखी एक वर्ष' असे म्हणण्याचे हे माझे तिसरे वर्ष आहे. माझ्या हिशेबात काही चुकते आहे, की केवळ धीर होत नाही, हे मला जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे.

जमाखर्च

मला आपल्या २६०० या आकड्यापेक्षा १०० या आकड्याविषयी अधिक शंका आहे. पुंजी किती आहे हे संस्था आपल्याला छापून पाठवतात. खर्च किती झाला हे कोणी पाठवत नाही. महिन्याच्या रकमेला बाराने गुणले, की महिन्याच्या चौकटीत न बसणारे सगळे खर्च निसटतात. पगार चालू असताना ते बोनसमधून किंवा बचतीतून परस्पर भागतात आणि आपल्या लक्षातही राहत नाहीत.

निवृत्तीपूर्वी दोन वर्षे मी खर्चाची वही ठेवली होती. तिच्या शेवटच्या काही पानांवर 'कधीतरी होणारे खर्च' असे शीर्षक घातले आणि छताची गळती, पाण्याचा बिघडलेला पंप, दाताचे रूट कॅनाल, चष्म्याच्या नव्या काचा, एका नातलगाच्या आजारपणात पाठवलेली रक्कम अशा नोंदी तेथे केल्या. प्रत्येक नोंदीपुढे मी प्रामाणिकपणे 'अपवादात्मक' असा शेरा मारत गेलो. दोन वर्षांच्या अखेरीस असे तेवीस अपवाद जमले होते आणि त्यांची बेरीज नियमित खर्चाच्या जवळपास पाचव्या हिश्शाएवढी भरली. त्यानंतर मी 'अपवादात्मक' हा शब्द वापरणे सोडून दिले.

आपल्या मापात उदाहरण द्यायचे तर, वाहनाची किंमत ८० असेल आणि ते दहा वर्षे चालणार असेल, तर त्याचा वर्षाचा भार ८ होतो, मग ते या वर्षी घ्यायचे असो वा नसो. घराची डागडुजी आणि घरातील यंत्रे यांसाठी ६ आणि दात, डोळे, कान यांसाठी ४ धरले, तर खर्च ११८ होतो आणि आपली सव्वीस पट पुंजी एकाही पैशाने कमी न होता बावीस पट होते. नोकरीबरोबर काही खर्च संपतात हे खरे आहे. जाण्यायेण्याचा खर्च संपतो आणि मुख्य म्हणजे बचत करणे थांबते. मात्र नोकरीतून मिळणारे आरोग्यविम्याचे छत्रही त्याच दिवशी जाते, आणि त्या वयात स्वतः विमा घ्यायचा झाल्यास हप्ता किती पडतो हे आपण विचारले आहे का? शिवाय ज्या खात्यांतून पैसे काढताना कर द्यावा लागतो, त्या खात्यांतील संपूर्ण रक्कम आपली नसते. तिचा एक हिस्सा सरकारचा आहे आणि तो वजा करूनच बेरीज करावी.

आता तक्त्याविषयी. ७ टक्के परतावा आणि ५ टक्के महागाई यांतून खरा परतावा, म्हणजे महागाई वजा जाता उरणारा, दोन टक्क्यांहून किंचित कमी निघतो. त्या दराने सव्वीस पट पुंजी पस्तीस-छत्तीस वर्षांत संपली पाहिजे, म्हणजे आपल्या वयाच्या ९२व्या-९३व्या वर्षाच्या सुमारास. शंभराव्या वर्षी ती तिप्पट दिसत असेल, तर तक्त्यात कोठेतरी चूक आहे. खर्चाचा रकाना शेवटपर्यंत महागाईने वाढतो आहे ना, हे एकदा ओळीओळीने तपासावे.

आणि हा दर किती नाजूक असतो तेही पाहा. बावीस पट पुंजी असताना खरा परतावा शून्य असेल, तर ती बावीस वर्षे पुरते. २ टक्के असेल तर सुमारे अठ्ठावीस वर्षे, ३ टक्के असेल तर जवळपास पस्तीस वर्षे आणि ४ टक्के असेल तर सत्तेचाळीस वर्षांहून अधिक. तक्त्यातील एका खान्यात दोनच्या जागी चार टंकित केले, की माणूस एकोणीस वर्षांचा खर्च आयता कमावतो. म्हणून कोणी मला परतावा किती धरू असे विचारले, तर तो स्वतःला हवे असलेले उत्तर मिळेल इतका धरणार आहे, हे मी गृहीत धरून चालतो.

आकडेमोड

जमाखर्च यांनी खर्चाची बाजू मांडली आहेच. मी पंचवीस पटीच्या नियमाविषयी लिहितो, कारण तो जितका उद्धृत होतो तितका वाचला जात नाही.

विल्यम बेंगेन या अमेरिकी आर्थिक सल्लागाराने १९९४ साली एक लेख प्रसिद्ध केला. १९२६ पासूनची अमेरिकेतील शेअर, रोखे आणि महागाई यांची आकडेवारी घेऊन त्याने एक साधा प्रश्न विचारला होता: पहिल्या वर्षी पुंजीचा ठरावीक टक्का काढला आणि पुढे दरवर्षी ती रक्कम केवळ महागाईइतकी वाढवत नेली, तर सर्वांत वाईट वर्षी निवृत्त झालेल्या माणसाचीही पुंजी किमान तीस वर्षे पुरण्यासाठी पहिला टक्का किती असावा? उत्तर चारच्या किंचित वर आले. चार टक्क्यांचे उलट गणित म्हणजेच पंचवीस पट. पुढे १९९८ साली टेक्सासमधील ट्रिनिटी विद्यापीठातील तीन प्राध्यापकांनी त्याच वाटेने जाणारा अभ्यास केला आणि हा नियम सर्वतोमुखी झाला. बेंगेनने स्वतः नंतर अधिक प्रकारच्या गुंतवणुकी हिशेबात घेऊन तो आकडा ४.७ टक्क्यांपर्यंत नेला आहे.

या नियमाच्या तीन अटी आपल्याला लागू होतात का, ते पाहावे. पहिली म्हणजे मुदत तीस वर्षांची आहे, आणि आपल्या पत्नीचे वय ५४ असल्यामुळे आपल्याला किमान चाळीस वर्षांचा विचार करावा लागेल. दुसरी म्हणजे पुंजीचा अर्धा किंवा त्याहून अधिक भाग शेअरमध्ये ठेवून, बाजार कोसळल्यावरही तो तसाच ठेवणारा माणूस येथे गृहीत धरलेला आहे. तिसरी अट सहसा कोणी बोलून दाखवत नाही: ही आकडेवारी एकाच देशाची आहे आणि त्या देशाच्या शेअर बाजाराला विसावे शतक चांगले गेले. वेड फाऊ या अभ्यासकाने २०१० मध्ये सतरा विकसित देशांची आकडेवारी घेऊन हाच हिशेब केला, तेव्हा बहुतेक देशांत चार टक्के टिकले नाहीत. जपानचा निक्केई निर्देशांक १९८९ च्या अखेरीस ज्या शिखरावर होता, तेथे तो २०२४ च्या फेब्रुवारीत परत पोहोचला. शिखरावर असताना निवृत्त झालेल्या ५७ वर्षांच्या जपानी माणसाने त्या दिवशी वयाची नव्वदी पार केलेली असणार.

तरीही खरा धोका सरासरी परतावा कमी पडण्याचा नसून वाईट वर्षे आधी येण्याचा आहे. एक छोटे गणित मांडतो. पुंजी १००० आहे आणि दरवर्षी आरंभी ५० काढायचे आहेत. तीन वर्षांचे परतावे उणे २०, शून्य आणि अधिक ३० टक्के या क्रमाने आले, तर तिसऱ्या वर्षाअखेर ८५८ उरतात. तेच परतावे उलट्या क्रमाने आले, तर ९०८ उरतात. पैसे काढले नसते, तर दोन्ही क्रमांत नेमके १०४० झाले असते. केवळ क्रम बदलल्याने तीन वर्षांत एका संपूर्ण वर्षाचा खर्च नाहीसा झाला, कारण पडत्या बाजारात जे विकले ते पुढच्या चढाच्या वेळी हाताशी नव्हते. अमेरिकेत १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात निवृत्त झालेल्यांचे असेच झाले. १९७३-७४ मध्ये शेअर निर्देशांक जवळपास निम्मा झाला आणि महागाई मात्र दशकभर चढीच राहिली. बेंगेनचा चार टक्क्यांचा आकडा त्याच पिढीच्या दुर्दैवावरून निघालेला आहे.

या धोक्यावर आधीच ठरवून ठेवण्याजोगा उपाय आहे. जोनाथन गायटन आणि विल्यम क्लिंगर यांनी २००६ मध्ये मांडलेल्या पद्धतीचा गाभा असा: पुंजीतून काढण्याचा दर, म्हणजे त्या वर्षीची उचल उरलेल्या पुंजीच्या किती टक्के आहे तो आकडा, आरंभीच्या दरापेक्षा एक पंचमांशाने वर गेला, तर त्या वर्षीची उचल दहा टक्क्यांनी कमी करायची आणि तो तेवढाच खाली आला, तर दहा टक्क्यांनी वाढवायची. खर्च लवचीक असेल, तर आरंभीचा दर थोडा अधिक ठेवता येतो. म्हणून माझा आपल्याला प्रश्न असा की आपल्या खर्चातील किती भाग वाईट वर्षी खरोखर कमी करता येईल? एकूण पुंजी किती पट आहे, यापेक्षा मला हे उत्तर महत्त्वाचे वाटते. ज्याचा सगळा खर्च अटळ आहे त्याला तीस पट पुंजीही कमी पडू शकते. ज्याचा तिसरा हिस्सा आवरता येण्याजोगा आहे, त्याला बावीस पटही पुरेल.

आयुर्मानाविषयी एवढेच सांगतो की सरासरी आयुर्मान हा नियोजनाचा आकडा नव्हे, कारण सुमारे निम्मी माणसे त्यापुढे जगतात. दोघांपैकी प्रत्येकाची ९५ पर्यंत जगण्याची शक्यता पंचवीस टक्के धरली, तर दोघांपैकी किमान एकजण तेथे पोहोचण्याची शक्यता सुमारे चव्वेचाळीस टक्के होते. थोडे विषयांतर होईल, पण फ्रान्समधील जान काल्माँ यांनी १९६५ मध्ये, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, एका ४७ वर्षांच्या वकिलाशी करार केला होता. त्या जिवंत असेतोवर त्याने त्यांना दरमहा ठरावीक रक्कम द्यायची आणि त्यांच्यामागे त्यांचे घर त्याला मिळायचे. तो १९९५ मध्ये वारला. तोवर त्याने घराच्या किमतीच्या दुपटीहून अधिक रक्कम भरली होती, आणि उरलेले हप्ते त्याच्या कुटुंबाने भरले. काल्माँबाई १९९७ मध्ये १२२ वर्षांच्या होऊन गेल्या. निवृत्तीचे नियोजन करणारा प्रत्येक माणूस स्वतःच्याच बाबतीत त्या वकिलाच्या खुर्चीत बसलेला असतो.

परतीचा वारा

वरील दोघांचे म्हणणे योग्य आहे, पण दोघांनीही निवृत्तिवेतन हिशेबात घेतले नाही, त्यामुळे चित्र विनाकारण काळे झाले आहे. वयाच्या ६५ पर्यंत आठ वर्षे आहेत. त्या आठ वर्षांत निवृत्तिवेतनाऐवजी दरवर्षी ३० लागणार, म्हणजे एकूण २४०. ही रक्कम टप्प्याटप्प्याने मुदत संपणाऱ्या ठेवींत किंवा रोख्यांत वेगळी काढून ठेवली, की पुंजी २३६० उरते आणि तिच्यावरचा भार ११८ न राहता ८८ होतो. हे प्रमाण पावणेसत्तावीस पटीच्या आसपास आहे. अर्थात या हिशेबात त्या ठेवींवरचे व्याज निदान महागाईची बरोबरी करील, असे मानले आहे.

एक गोष्ट मात्र आपण लिहिलेली नाही. आपल्यामागे हे निवृत्तिवेतन पत्नीला किती मिळेल? दोघांचा खर्च १०० असेल, तर एकट्याचा ५० होत नाही. छत तेवढेच गळते आणि दिवाही तेवढाच जळतो.

उतारावरून

मी २००७ च्या अखेरीस निवृत्त झाले. त्यानंतर काय घडले हे येथे सर्वांना ठाऊक आहे. २००९ च्या मार्चपर्यंत अनेक देशांतील शेअर बाजार निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही खाली आले होते. आकडेमोड यांनी ज्याला वाईट क्रम म्हटले आहे, तो मी पहिल्याच दोन वर्षांत भोगला, म्हणून माझा अनुभव उपयोगी पडेल असे वाटते.

माझी तयारी कागदावर उत्तम होती. दोन वर्षांचा खर्च ठेवींत बाजूला होता आणि बाजार कितीही पडला तरी शेअर फंडांना हात लावायचा नाही, असे मी स्वतःच्या अक्षरात लिहून तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता. पहिले वर्षभर मी त्याप्रमाणे वागले. पण २००९ च्या फेब्रुवारीत ठेवींतील दोन वर्षांपैकी जेमतेम दहा महिन्यांचा खर्च उरला आणि त्यानंतर विकायचे ते काय, या विचाराने मला झोप लागेनाशी झाली. एका सकाळी मी फंडांतील एक तृतीयांश भाग विकून टाकला. तो कागद दाराला तसाच चिकटलेला होता. कपाट उघडून विवरणपत्रांची फाइल काढताना तो माझ्या डोळ्यांसमोर होता आणि तरीही मी विकले. पुढच्या महिन्यात बाजाराने दिशा बदलली. जे विकले ते परत घेण्याचे धैर्य मला पुढची तीन वर्षे झाले नाही.

माझी पुंजी आजही शिल्लक आहे, त्यामुळे ही रडकथा नव्हे. पण त्या विक्रीची किंमत म्हणून मी सात वर्षे प्रवास केला नाही आणि दोन वर्षे अर्धवेळ शिकवणी घेतली. मागे वळून पाहताना चूक बाजाराच्या अंदाजात झाली असे मला वाटत नाही. माझे ठेवींतील दोन वर्षांचे पैसे संपत आले होते, पण खर्च कोठून कमी करायचा हे मी कधी ठरवलेच नव्हते. जेव्हा कात्री लावण्याची वेळ आली, तेव्हा मला प्रत्येक खर्च अटळ दिसू लागला आणि विकण्याजोगे म्हणून केवळ शेअरच दिसले. कोणता खर्च आधी थांबवायचा, कोणता नंतर आणि कोणता कधीच नाही, ही यादी पगार चालू असताना, डोके शांत असताना करून ठेवावी.

दुसरे सांगायचे ते असे की राजीनामा देण्यापूर्वी सहा महिने आपण निवृत्त झाला आहात असे समजून राहून पाहावे. पगार सरळ वेगळ्या खात्यात जाऊ द्यावा, त्याकडे पाहू नये, आणि घर पुंजीतून काढलेल्या रकमेवर चालवावे. ज्या माणसाने तीस वर्षे केवळ साठवले आहे, त्याला साठवलेले काढण्याची सवय नसते. पहिल्यांदा मी ठेव मोडली, तेव्हा चोरी केल्यासारखे वाटले होते.

जमाखर्च

परतीचा वारा यांचे म्हणणे मान्य आहे. मी हिशेबात निवृत्तिवेतन धरले नाही ही चूकच झाली. मात्र हे वेतन महागाईबरोबर वाढणारे आहे म्हणूनच हा हिशेब जमतो. ते स्थिर असते, तर ४ टक्के महागाईत अठरा वर्षांत त्याची किंमत निम्मी झाली असती आणि ६ टक्के असेल तर बारा वर्षांतच.

'आणखी एक वर्ष' या प्रश्नावरही दोन ओळी लिहितो. खर्च ११८, खरा परतावा २ टक्के आणि वर्षाची बचत ४० धरली, तर आज नोकरी सोडल्यास वर्षअखेर पुंजी सुमारे २५३२ राहील आणि एक वर्ष थांबून सोडल्यास २६९२ होईल. फरक १६० चा, म्हणजे सव्वा वर्षाहून थोडा अधिक खर्च पदरी पडतो आणि पुंजीने सांभाळायचा काळही एका वर्षाने कमी होतो. हे वर्ष स्वस्त नाही आणि निरुपयोगीही नाही. मात्र ते कशासाठी घेत आहोत हे आधी लिहून ठेवले नाही, तर पुढच्या वर्षीही हाच फरक तितकाच आकर्षक दिसतो, आणि आपल्या बाबतीत तसे तीनदा घडलेले आहे.

काठावरचा

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला सात आठवडे लागले, कारण प्रत्येक सूचना पडताळून पाहिली.

तक्त्यातील चूक सापडली. खर्चाच्या रकान्यातील महागाईचे सूत्र मी वयाच्या ६९व्या वर्षापर्यंतच खाली ओढले होते. त्यापुढच्या सर्व ओळींत तोच आकडा चिकटवला गेला होता, म्हणजे माझ्या तक्त्यात सत्तरीनंतर महागाईच नव्हती. गेली दोन वर्षे मी हाच तक्ता उघडून स्वतःची समजूत घालत होतो.

खात्यांची मागील चार वर्षांची विवरणपत्रे काढून 'कधीतरी'च्या खर्चांची बेरीज केली. जमाखर्च यांनी अंदाजाने ११८ म्हटले होते. माझा आकडा १२१ निघाला आणि त्यात आरोग्यविम्याच्या हप्त्यासाठी अंदाजे ५ धरले आहेत. ६५ पर्यंतची २४० ची तरतूद वेगळी काढली, तर उरलेल्या २३६० वर वर्षाला ९१ चा भार येतो, म्हणजे जवळपास सव्वीस पट. गंमत अशी की दुरुस्त केलेल्या तक्त्यात पुंजी माझ्या वयाच्या ९२व्या वर्षापर्यंत पुरते, जे जमाखर्च यांनी माझ्या मूळ आकड्यांवरून सांगितले होते. खर्च वाढला तो आणि निवृत्तिवेतन आले ते, एकमेकांत जिरून गेले. त्या वर्षी पत्नी ८९ वर्षांची असेल. माझ्यामागे तिला निवृत्तिवेतनाचा निम्मा भाग, म्हणजे १५ मिळेल, आणि घर विकण्याचा पर्याय तोपर्यंत न वापरलेला असेल.

आकडेमोड यांच्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मात्र खरी परीक्षा झाली. मी एका रात्री बसून सर्व खर्चांपुढे 'अटळ' किंवा 'आवरता येईल' असे लिहिले. अटळ खर्च ८४ भरला आणि मला मोठे समाधान वाटले, कारण वाईट वर्षी ३७ कमी करता येतील असा त्याचा अर्थ होता. सकाळी वही पत्नीपुढे ठेवली. तिने पेन्सिल घेऊन शांतपणे दोन ठिकाणी माझा शेरा खोडला. वर्षातून दोनदा ती आईला भेटायला जाते तो प्रवास आणि तिच्या गुडघ्यांसाठी चाललेले उपचार मी 'आवरता येईल' या रकान्यात टाकले होते. माझे छायाचित्रणाचे साहित्य मात्र 'अटळ' मध्ये होते. तेही तिने हलवले. त्याखाली तिने काहीच लिहिले नाही, आणि मीही काही बोललो नाही. आता अटळ खर्च ९२ आहे आणि आवरता येण्याजोगा २९, आणि तो कोणत्या क्रमाने थांबवायचा हे उतारावरून यांच्या सूचनेप्रमाणे आम्ही दोघांनी मिळून लिहिले आहे. केवळ ९२ वर राहिलो, तर निवृत्तिवेतन वजा जाता पुंजीवर ६२ चा भार येतो, म्हणजे अडतीस पट.

पुंजीतून घर चालवण्याचा प्रयोग सुरू करून सहा आठवडे झाले आहेत. ठेव मोडताना चोरी केल्यासारखे वाटते हे अगदी खरे आहे.

आता एकच आकडा यायचा आहे. दोघांच्या आरोग्यविम्याचा हप्ता नक्की किती पडेल, हे दोन ठिकाणी विचारले आहे. वैद्यकीय तपासण्या झाल्या असून त्यांचे उत्तर या महिन्यात अपेक्षित आहे. हप्ता वाढून वर्षाला १ जरी अधिक लागला, तरी त्यामागे सुमारे २६ ची पुंजी लागते, म्हणून हा आकडा मी अंदाजावर सोडू इच्छित नाही. तो ७ पर्यंत आला, तर पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला राजीनामा देईन. त्याहून अधिक आला, तर या वर्षाअखेरपर्यंत काम करीन आणि त्या महिन्यांची बचत केवळ त्या हप्त्यासाठी वेगळी ठेवीन. हे दोन्ही पर्याय वहीच्या पहिल्या पानावर तारखेसह लिहून त्याखाली दोघांनी सही केली आहे. हप्त्याचा आकडा आला की येथे कळवतो.